मारिओच्या वर टँक कशाला?

गेल्या अंकात आम्ही फॅमिकॉमवरचे दहा गेम क्रमाने लावले होते. फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात आणलेलं आठ-बिटी यंत्र. आपल्याकडे त्याच्या नकला आल्या आणि त्यांना नुसतं ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ म्हटलं गेलं. यादी अशी होती: १ बॅटल सिटी, २ सुपर मारिओ ब्रदर्स, ३ कॉन्ट्रा, ४ सुपर मारिओ ब्रदर्स ३, ५ बलून फाइट, ६ एक्साइटबाइक, ७ अ‍ॅडव्हेंचर आयलंड, ८ डक हंट, ९ रोड फायटर, १० सर्कस चार्ली. क्रम लावताना दोनच गोष्टी पाहिल्या. हरल्यावर चूक आपलीच होती हे कळतं का? आणि दुसऱ्या रिमोटला काही काम आहे का? पत्रं भरपूर आली. निम्मी भांडणाची होती, निम्मी ‘आमचं यंत्र लागत नाही’ अशी. दोन्हींतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न: मारिओला दुसरा नंबर? ३२ लेव्हलचा गेम कुठे आणि चार विटांचा टँकचा गेम कुठे! (वाचक, इचलकरंजी)

मारिओत दोन जण खेळतात म्हणजे एक जण खेळतो आणि दुसरा बसून वाट बघतो. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. बॅटल सिटीत दोघं एकाच वेळी मैदानात असतात, दोघांना आपल्या तळाची खूण असलेला एकच गरुड वाचवायचा असतो, आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागली की तो काही सेकंद जागचा हलत नाही. सगळी मजा या एका नियमात आहे. जोडीदार शत्रू नाही, पण अडचण नक्की आहे. दोन रिमोटचा इतका नेमका उपयोग त्या काळातल्या फार थोड्या गेमनी केला.

आता ‘चार विटा’. नामकोने १९८५ मध्ये काढलेल्या या गेमचं मैदान १३ बाय १३ घरांचं आहे. साध्या गोळीने विटेच्या घराचा चौथा भाग उडतो, म्हणजे एक पूर्ण घर आरपार फोडायला चार गोळ्या. गरुडाभोवतीची भिंत मात्र अर्ध्याच घराएवढी जाड. दोन गोळ्यांत ती फुटते, तिसरी गरुडाला. म्हणून शत्रू भिंतीसमोर उभा राहिला की तुमच्या हातात जेमतेम दोन गोळ्यांचा वेळ असतो. तेवढ्यात पोचलात तर वाचलात, आणि घाईत स्वतःच गरुडावर गोळी झाडलीत तरी खेळ संपला. दोष द्यायला कुणी सापडत नाही. आमची पहिली अट इथेच पुरी होते.

शत्रूचे टँक चार जातींचे: साधा १०० गुणांचा, पळणारा २०० चा, वेगवान गोळीचा ३०० चा आणि जाड चिलखताचा ४०० चा. चिलखतवाल्याला चार गोळ्या लागतात. प्रत्येक लेव्हलला २० टँक येतात, पण एका वेळी पडद्यावर एकट्या खेळाडूसमोर चार, दोघांसमोर सहा. चौथा, अकरावा आणि अठरावा टँक लुकलुकत येतो. त्याला गोळी लागली की मैदानात कुठेतरी बक्षीस पडतं. ते घ्यायच्या आत पुढचा लुकलुकणारा टँक मैदानात उतरला तर आधीचं बक्षीस नाहीसं होतं. अकरावा उतरायच्या आत चौथ्याचं बक्षीस उचला.

बक्षिसांत तारा सगळ्यात मोलाचा. पहिल्या ताऱ्याने गोळी वेगवान होते, दुसऱ्याने एका वेळी दोन गोळ्या सुटतात, तिसऱ्याने पोलादी भिंतही फुटते. एकदा मेलात की तिन्ही गेले. त्यामुळे तीन तारे असलेल्याने मागे राहून गरुड सांभाळायचा आणि नुकत्याच मेलेल्याने पुढे जायचं. बहुतेक जोड्या नेमकं उलट करतात. फावडं फुटलेल्या भिंतीच्या जागी काही वेळ पोलाद उभं करतं, म्हणून भिंत शाबूत असताना ते उचलायची घाई नको. हातबॉम्ब सगळे टँक उडवतो पण त्यांचे गुण मिळत नाहीत. २०,००० गुणांवर जादा लाइफ मिळते, तेव्हा हिशेब करणाऱ्याने बॉम्ब अडचणीपुरताच वापरावा.

शेवटची एक गोष्ट, जी बरेच जण वर्षानुवर्षं खेळूनही हेरत नाहीत. तारे नसताना तुमची एकच गोळी पडद्यावर राहू शकते. ती कशाला तरी आपटेपर्यंत दुसरी सुटत नाही. लांबून मारलेली गोळी चुकली की ती कडेला आपटेपर्यंत तुम्ही निःशस्त्र. जवळून मारलात तर गोळी लगेच आपटते आणि लगेच दुसरी तयार. म्हणून चिलखतवाल्यावर चार गोळ्या लांबून मारायच्या नसतात, त्याच्या अंगाला भिडून मारायच्या असतात. समोरून तोही मारत असेल तर घाबरू नका, गोळीवर गोळी आदळली की दोन्ही विरतात.

प्रश्न: आमच्या टँकमध्ये पिस्तूल आणि होडी होती. तुमच्या वर्णनात ती नाहीत. यादी करणाऱ्यांनी गेम खेळला आहे ना? (वाचक, अकोला)

खेळलाय. तुम्ही खेळलात तो ‘टँक १९९०’, बॅटल सिटीत कुणीतरी परस्पर बदल करून विकलेला. होडी घेतली की पाणी ओलांडता येतं, पिस्तूल घेतलं की एका झटक्यात पूर्ण ताकद. गंमत वाटते, पण होडीमुळे पाण्याला अर्थ उरत नाही आणि पिस्तुलामुळे ताऱ्यांना. मूळ गेममध्ये लेव्हल ३५ आहेत, त्यानंतर त्याच पुन्हा येतात.

प्रश्न: मारिओच्या ३-१ मध्ये (तिसऱ्या वर्ल्डची पहिली लेव्हल) कासवावर उड्या मारून भरपूर लाइफ जमवल्या. मग एकदाच मेलो आणि सरळ गेम ओव्हर! कॅसेट खराब आहे का? (वाचक, फोंडा)

कॅसेट ठणठणीत आहे, तुम्ही जास्त हावरटपणा केलात. लाइफचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला असतो आणि गेम तो चिन्हासकट वाचतो. १२७ पर्यंतचा आकडा अधिक, त्यापुढचा उणे. तुम्ही मेलात, एक लाइफ कमी झाली, उत्तर उणे आलं, गेमने ‘संपल्या’ असं धरलं. शंभरच्या आसपास थांबा. पडद्यावर मोजायला जाऊ नका, दहाच्या पुढे आकड्याच्या जागी मुकुट येतो आणि नंतर भलतीच चित्रं दिसतात. वन-अपचा, म्हणजे जादा लाइफचा, आवाज मोजा.

ज्यांना ही युक्ती माहीत नाही त्यांच्यासाठी: ३-१ च्या शेवटी झेंड्याआधीच्या पायऱ्यांवरून दोन कासवं खाली येतात. पहिलं जाऊ द्या किंवा मारा. दुसरं पायरीच्या कडेशी असताना त्याच्यावर अशी उडी मारा की कवच पायरीला लागून राहील. पुन्हा त्यावर पडलात की कवच सुटतं, पायरीला आपटून परत तुमच्या पायाखाली येतं. हालचाल न करता जागच्या जागी उसळत राहायचं. गुण ८००० पर्यंत चढतात आणि मग प्रत्येक उसळीला वन-अप. फसतं ते एकाच कारणाने: कवच पायरीपासून लांब असताना उडी मारली जाते आणि ते डावीकडे निघून जातं.

आणि लाइफ संपल्याच तर पहिल्यापासून सुरू करू नका. गेम ओव्हरनंतर नावाच्या पडद्यावर ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या लेव्हलपासून गेम सुरू होतो. यंत्र मध्ये बंद करायचं नाही, तेवढीच अट.

प्रश्न: ‘मायनस वर्ल्ड’ खरंच आहे की थाप? (वाचक, नगर)

खरं आहे. १-२ च्या शेवटी बाहेर नेणाऱ्या पाइपावर मोठा मारिओ घेऊन उभे राहा. डोक्यावरच्या छतातल्या विटांपैकी भिंतीला चिकटलेली उजवीकडची एक ठेवा, तिच्या डावीकडच्या दोन फोडा. पाइपाच्या डाव्या कडेला या, तोंड डावीकडे ठेवा, खाली दाबून वाका आणि तसंच वाकलेलं असताना उडी मारून हवेत उजवीकडे दाबा. नेमकं जमलं तर मारिओ भिंतीतून सरकत पलीकडे जातो. दहा-वीस प्रयत्न धरूनच चाला. पलीकडे वॉर्प झोनचे, म्हणजे थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणारे, तीन पाइप आहेत. पाटी पडद्यावर यायच्या आत डावीकडच्या पाइपात शिरा.

पाटी येते तेव्हाच पाइपांना ४, ३ आणि २ हे आकडे दिले जातात. तुम्ही त्याआधीच शिरलात, त्यामुळे ४-२ च्या वॉर्पसाठीचे आकडे वापरले जातात, आणि तिथे कडेच्या पाइपांच्या जागी ‘३६’ आहे. म्हणजे तुम्ही वर्ल्ड ३६-१ मध्ये आहात. आकड्यांच्या चित्रांत ३६ वं चित्र कोरं आहे, म्हणून नुसतं ‘-१’ दिसतं. आत पाण्याची लेव्हल, आणि तिच्या शेवटचा पाइप पुन्हा तिच्याच सुरुवातीला सोडतो. वेळ संपेपर्यंत पोहत बसा. मधल्या पाइपात शिरलात तर मात्र ५-१ ला जाल, तोही काही वाईट सौदा नाही.

प्रश्न: कॉन्ट्राचा ३० लाइफचा कोड आमच्या यंत्रावर चालतच नाही. (वाचक, मिरज)

कोड सगळ्यांना पाठ आहे: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघांना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड आला १९८६ च्या ग्रेडियसमधून. चाचणीसाठी खेळताना तो गेम फार अवघड जातो म्हणून कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी तो घातला होता. कॉन्ट्रा फॅमिकॉमवर १९८८ मध्ये आला.

न चालण्याची कारणं बहुतेक वेळा बोटांत असतात. एक, आपल्याकडच्या रिमोटवर ए आणि बी च्या वर किंवा शेजारी टर्बोची दोन बटणं असतात. अंगठा टर्बो बी वर पडला तर एकाऐवजी पाच-सहा ‘बी’ जातात आणि क्रम बिघडतो. दोन, दिशांचं अधिक चिन्ह झिजलेलं असेल तर ‘वर’ दाबताना ‘वर आणि डावं’ असं दोन्ही जातं. डोळ्यांना कळत नाही, यंत्राला कळतं. तीन, एकदा चूक झाल्यावर लोक तिथूनच पुन्हा सुरू करतात. रीसेट दाबा आणि पहिल्यापासून द्या. डेमो सुरू व्हायच्या आत कोड पुरा झाला पाहिजे.

बऱ्याच ‘अनेक गेम एका कॅसेटमध्ये’ प्रकारच्या कॅसेटींत मेनूतूनच ३० लाइफचा कॉन्ट्रा निवडता येतो. तसं असेल तर कोडची गरजच नाही.

तिसरा नंबर का, असंही तुम्ही विचारलंय. गोळी लागली की मरण, हे सरळ आहे. पण तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यावर वरचा खेळाडू घाईने चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा काही न करता मरतो. तिथे चूक जोडीदाराची आणि शिक्षा तुम्हाला. बॅटल सिटीत निदान तुम्ही बाजूला होऊ शकता.

प्रश्न: जुनी बंदूक सापडली. ५५ इंची एलईडी टीव्हीवर डक हंट लावला, एकही बदक पडत नाही. (वाचक, ठाणे)

पडणारही नाही, बंदूक कितीही चांगली असली तरी. बंदुकीतून काही सुटत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की गेम एका चित्रासाठी सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. दोन बदकं असतील तर दोन चौकोन, एकामागून एक. बंदुकीला आधी अंधार आणि मग ठरलेल्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडतं. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा किंवा पन्नासावा भाग. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र येताक्षणी उमटतं. एलईडी टीव्ही ते आधी साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. तोवर गेमने ‘नेम चुकला’ ठरवलेलं असतं. टीव्हीचा गेम मोड लावून बाकीच्या गेमना फायदा होतो, बंदुकीला होत नाही.

आधी अंधार तपासायचं कारण म्हणजे लबाडी: नाहीतर लोक बंदूक बल्बकडे रोखून सगळी बदकं पाडतील. नळीचा जुना टीव्ही मिळवणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. तो मिळालाच तर एका बदकाच्या गेम ए मध्ये दुसऱ्या सॉकेटला रिमोट लावा. त्यावरच्या बटणांनी बदक उडवता येतं. आपण बंदूक धरायची आणि धाकट्या भावाने बदक पळवायचं. हे फार कमी घरांत माहीत असतं, आणि डक हंट आमच्या दहांत आला तो याच गोष्टीवर.

प्रश्न: इंटरनेटवर अमेरिकेतल्या लोकांचा मारिओ बघितला. आमच्यापेक्षा भरभर पळतो. भास आहे का? (वाचक, चिपळूण)

भास नाही. जपान-अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५०. गेमचा सगळा हिशेब चित्रांवर चालतो. आपल्याकडच्या अनेक नकली यंत्रांत तोच जपानी-अमेरिकी गेम ५० च्या चालीवर फिरायचा, म्हणजे वेग सहातला एक भाग कमी. मारिओच्या घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. ४०० आकड्यांची लेव्हल तिकडे १६० सेकंदांची, आपल्याकडे १९२ सेकंदांची. पण मारिओही त्याच प्रमाणात हळू पळतो, त्यामुळे जादा वेळ मिळाला असं नाही. मिळाली ती विचार करायला फुरसत. गाण्याचा सूर जवळपास तोच राहतो, ठेका मात्र संथ होतो. आता तुम्ही संगणकावर ६० च्या चालीने खेळायला बसलात आणि ८-१ मधल्या उड्या चुकायला लागल्या तर वयाला दोष देऊ नका.

प्रश्न: ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरोखर किती गेम असतात? (वाचक, जळगाव)

कॅसेटपरत्वे बदलतं, पण ९९९९ कधीच नसतात. हिशेब करा. बॅटल सिटी, एक्साइटबाइक, डक हंट, बलून फाइट यांसारखा लहानातला गेमही २४ किलोबाइटचा. असे ९९९९ भरायचे तर सुमारे २३४ मेगाबाइट लागतील. फॅमिकॉमवर अधिकृतपणे आलेल्या सगळ्यात मोठ्या गेमांपैकी ‘मेटल स्लेडर ग्लोरी’ एका मेगाबाइटचा होता. यादी फुगवायची रीत सोपी: एकच गेम वेगळ्या लेव्हलपासून, वेगळ्या लाइफनी सुरू करून द्यायचा आणि त्याला नवं नाव द्यायचं. आकडे चढत गेले की तेच गेम फिरून येतात.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. आपल्या सगळ्यांच्या आठवणी त्याच पंधरा-वीस गेमभोवती का फिरतात? कारण ते जादा चिपशिवाय चालणारे लहान गेम होते. आठ जगांचा, ३२ लेव्हलचा सुपर मारिओही फक्त ४० किलोबाइटचा आहे. ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच, रंग वेगळा, अशी काटकसर केली तेव्हा बसला. सुपर मारिओ ३ ला ३८४ किलोबाइट आणि वेगळी चिप लागायची, म्हणून तो स्वस्त कॅसेटींत सहसा नसायचा. कारागिरीत तो या दहांत सगळ्यात वरचा आहे. चौथा ठेवला कारण त्यातही दोघांना पाळीपाळीनेच खेळावं लागतं. आणि कॅसेटवर ‘सुपर मारिओ १४’ लिहिलेलं असेल तर तो मारिओ नव्हेच. ‘काइकेत्सु यान्चामारू ३’ नावाच्या दुसऱ्याच गेममध्ये मारिओचं डोकं चिकटवलेलं आहे.

प्रश्न: कॅसेट लावली की कधी करडा पडदा येतो, कधी चित्राचा चुरा होतो. फुंकर मारली की चालते. (वाचक, सोलापूर)

फुंकरीने चालत नाही, काढून परत घातल्याने चालते. फुंकरीसोबत आत जाते ती थुंकीची वाफ, आणि काही महिन्यांत कॅसेटच्या तळाच्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर धरतो.

लक्षणावरून दुखणं ओळखता येतं. पडदा करडा किंवा काळा आणि आवाजच नाही: गेमचा मूळ कार्यक्रम वाचला जात नाही. आवाज बरोबर, मारिओ उड्या मारतोय असं कळतंय, पण चित्राच्या जागी अक्षरांची खिचडी: चित्रांच्या चिपकडे जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एखादी जुळत नाही. दोन्हींवर पहिला उपाय एकच.

यंत्र बंद करा. कॅसेटच्या तळाशी दोन्ही बाजूंना ३०-३० पट्ट्या आहेत. ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड ओला करा, निथळता नको. वरून कडेकडे एकाच दिशेने पुसा, आडवं घासू नका. आडवं घासलं की एका पट्टीची घाण दुसरीवर जाते. बड काळा यायचा थांबेपर्यंत नवे घेत राहा, प्रत्येक बाजूला तीन-चार लागतात. पाच मिनिटं वाळू द्या. तरीही डाग उरला तर पांढरं मऊ खोडरबर दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवा आणि भुकटी झटकून पुन्हा अल्कोहोलने पुसा. शाईचं खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. स्वस्त कॅसेटींवर मुलामा इतका पातळ असतो की एकदा गेला की तांबं उघडं पडतं आणि मग दर पावसाळ्यात तीच तक्रार.

यंत्राच्या खाचेसाठी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि चार-पाच वेळा सरळ आत-बाहेर करा. दोन पदर घेतलेत तर पिना फाकतात आणि मग कुठलीच कॅसेट नीट बसणार नाही. सुईने पिना उचकटायच्या फंदात पडू नका.

प्रश्न: रिमोटचं फक्त ए बटण चालत नाही. दुसऱ्या रिमोटचं तर काहीच चालत नाही. (वाचक, बेळगाव)

दोन वेगळे आजार. रिमोटच्या वायरीत पाच तारा असतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि तीन संदेशाच्या. सगळी बटणं याच तारांवरून ओळीने एकामागून एक वाचली जातात. म्हणून एक तार तुटली तर सगळंच बंद पडतं, एखादंच बटण नाही. तुमच्या दुसऱ्या रिमोटची तार तुटली आहे, आणि बहुधा रिमोटला लागून पहिल्या पाच-सहा सेंटीमीटरांत, जिथे ती वाकवून गुंडाळली जाते. मल्टिमीटरने एकेक तार तपासा, तुटका भाग कापून टाका आणि पाचही तारा त्याच जागी पुन्हा सोल्डर करा. उघडल्याबरोबर रंगांचा क्रम लिहून ठेवा. ‘लाल म्हणजे पाच व्होल्ट’ असं गृहीत धरू नका, नकली रिमोटमध्ये रंगांना काही धरबंद नसतो.

पहिल्या रिमोटचं दुखणं रबरात. ए च्या खालच्या रबरी टोपीला काळी कार्बनची टिकली आहे, ती पाटीवरच्या दोन रेघा जोडते. टिकली आणि रेघा दोन्ही अल्कोहोलने पुसा. टिकली गुळगुळीत, राखाडी झाली असेल तर न वापरल्या जाणाऱ्या टर्बोची रबरी टोपी काढून तिथे बसवा, आकार बहुधा जुळतो. पेन्सिलीचं शिसं घासायची जुनी युक्ती आठवडाभर टिकते, आणि भुकटी पसरली तर दुसरंच बटण आपोआप दाबलं जाऊ लागतं.

प्रश्न: मुलाने जपानहून अस्सल फॅमिकॉम आणलाय. इथे लावू का? (वाचक, पुणे)

त्याच्याबरोबरचा अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावू नका. तो १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टवर जळेल. इथे मिळणारा १० व्होल्ट डीसीचा, किमान ८५० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॅप्टर घ्या आणि पिनेचा आतला भाग उणे, बाहेरचा अधिक आहे याची खात्री करा. बहुतेक अ‍ॅडॅप्टर उलटे असतात. अमेरिकी निन्टेन्डोचा अ‍ॅडॅप्टर एसी देतो, तो तर चुकूनही नको.

पुढची अडचण चित्राची. जुना फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरीतून जपानी चॅनल १ किंवा २ वर चित्र देतो. ते आपल्या टीव्हीच्या पट्ट्याबाहेर पडतात, आणि पकडले तरी आवाजाचं गणित वेगळं असल्याने आवाज येत नाही. कारागिराकडून पिवळी-पांढरी एव्ही वायर काढून घ्या. डिसेंबर १९९३ मध्ये आलेलं नवं मॉडेल असेल तर ती सोय मुळातच आहे. दोन्हींतला फरक असा: जुन्यात रिमोटच्या वायरी यंत्रात कायमच्या जोडलेल्या असतात, नव्यात काढता येतात. जुन्याच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टच नाही, त्या जागी मायक्रोफोन आहे. बिघाड समजून उघडू नका.

प्रश्न: डबल ड्रॅगन यादीत नाही याचा निषेध! (वाचक, नागपूर)

नोंद घेतली. पण फॅमिकॉमवरच्या पहिल्या भागात दोघांना मिळून मारामारी करता येत नाही, पाळी येते. दोघांची सोय दुसऱ्या भागात आली, आणि तो अकरावा होता.

प्रश्न: एक्साइटबाइकमध्ये गाडी सारखी गरम होऊन थांबते. (वाचक, वाशिम)

बी सतत धरून ठेवता म्हणून. ए साधी चाल, बी टर्बो. पट्टी भरत आली की बी सोडा, ए धरा, आणि जमिनीवरच्या बाणांवरून गाडी न्या. बाणावर गेलं की इंजिन थंड होतं. हवेत डावं दाबलं की पुढचं चाक उचलतं, उजवं दाबलं की खाली येतं. उताराशी दोन्ही चाकं जुळवून उतरलात तर वेग टिकतो. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं लागलं तर तुम्ही पडता, तुमच्या मागच्याला त्याचं लागलं तर तो पडतो. म्हणजे पुढे गेल्यावर लगेच त्याच्या रांगेत घुसायचं. स्वतः आखलेला ट्रॅक मात्र यंत्र बंद केलं की पुसला जातो. जपानात तो ध्वनिफितीवर साठवायचं वेगळं यंत्र मिळायचं. आपण कागदावर उतरवून ठेवावा.